जास्त पिना पाडूनही हार : नाइनपिन बोलिंगच्या जागतिक स्पर्धेचे गणित

समजा, सहा-सहा खेळाडूंच्या दोन संघांमध्ये सामना झाला आणि पहिल्या संघाने एकूण ३,६१२ पिना पाडल्या, तर दुसऱ्याने ३,६४०. चेंडू टाकून पिना पाडायच्या या खेळात २८ पिना जास्त पाडणारा दुसरा संघच जिंकला असणार, असे कोणीही म्हणेल. पण फलकावर ५-३ असा निकाल लागलेला आहे आणि विजयी संघ पहिला आहे. यात हिशेबाची चूक नाही आणि पंचांचा पक्षपातही नाही. नाइनपिन बोलिंगच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत असे निकाल नियमानुसारच लागू शकतात, आणि ते का लागतात हे समजले की हा खेळ बराचसा समजला, असे म्हणायला हरकत नाही.

पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये आपण जो खेळ पाहतो तो दहा पिनांचा, म्हणजे टेनपिन बोलिंग. त्यात बोटे घालण्यासाठी चेंडूला भोके असतात, चेंडू सव्वासात किलोंपर्यंत जड असू शकतो आणि पिना त्रिकोणात उभ्या असतात. नाइनपिन हा त्याचा युरोपातला थोरला भाऊ आहे. जर्मन भाषेत त्याला ‘केगेल्न’ म्हणतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, क्रोएशिया, सर्बिया, स्लोव्हेनिया, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया, रोमानिया, पोलंड अशा मध्य आणि पूर्व युरोपीय देशांत त्याची मुळे खोलवर गेलेली आहेत. तिथल्या कितीतरी गावांत खाणावळीच्या तळघरात एखाद-दुसरी लेन असते, आठवड्यातून एका संध्याकाळी ठरलेली मंडळी जमतात, आणि सामना सुरू होताना एकमेकांना ‘गूट होल्त्स’, म्हणजे ‘लाकूड चांगले लाभो’, अशा शुभेच्छा देतात. पिना आता प्लॅस्टिकच्या झाल्या आहेत, पण शुभेच्छेतले लाकूड काही गेले नाही.

या खेळातला चेंडू १६ सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे साधारण लहान शहाळ्याएवढा असतो आणि त्याचे वजन पावणेतीन किलोंहून थोडे अधिक भरते. त्याला भोके नसल्यामुळे तो तळहातावर पेलून, बोटांच्या पकडीवर सोडावा लागतो. स्पर्धेच्या ‘क्लासिक’ प्रकारात चेंडू सोडण्याच्या जागेपासून पहिल्या पिनेपर्यंतचे अंतर साडेएकोणीस मीटर असते. तिथे ४० सेंटीमीटर उंचीच्या नऊ पिना चौकोनात उभ्या असतात. मात्र हा चौकोन एका कोपऱ्यावर उभा केल्यासारखा असतो, म्हणजे खेळाडूकडून पाहिले तर आधी एक पिन, तिच्यामागे दोन, मग तीन, पुन्हा दोन आणि शेवटी एक. सर्वांत पुढची आणि सर्वांत मागची पिन यांच्यात एक मीटर अंतर असते आणि बरोबर मध्यभागी असलेल्या पिनेला ‘राजा’ म्हणतात. प्रत्येक पिनेच्या डोक्याला एक दोरी बांधलेली असते. चेंडू पोहोचून पिना पडल्या की यंत्र या दोऱ्या वर ओढते आणि हव्या तेवढ्या पिना पुन्हा जागेवर उतरवते.

एखाद्या चांगल्या खेळाडूची एक फेक जवळून पाहिली, तर सगळ्यात आधी कानाला जाणवते ती शांतता. तो दोन्ही हातांत चेंडू धरून क्षणभर उभा राहतो, तीन-चार पावले लांब टाकत पुढे येतो, शेवटच्या पावलाला मागचा गुडघा जवळजवळ जमिनीला टेकेल इतका खाली जातो, आणि हात लोलकासारखा पुढे येताना चेंडू लेनच्या सुरुवातीला बसवलेल्या अरुंद फळीवर ठेवून देतो. ‘ठेवून देतो’ हे क्रियापद इथे मुद्दाम वापरले आहे. चेंडू आपटल्याचा आवाज आला, तर फेक बिघडली हे पाठमोऱ्या प्रेक्षकालाही कळते. बव्हेरियातल्या एका गावातल्या लेनवर मी पहिल्यांदा चेंडू टाकला तेव्हा तो इतका जोरात आपटला की शेजारच्या लेनवरचे आजोबा थांबून पाहू लागले. तो चेंडू पुढे बाजूच्या पन्हळीत गेला आणि त्यांनी आनंदाने ‘पूडल’ अशी आरोळी ठोकली. एकही पिन न पाडणाऱ्या फेकीला तिकडे कुत्र्याच्या त्या जातीचे नाव आहे.

हे अवघड का आहे, याचा थोडा हिशेब करून पाहता येतो. साडेएकोणीस मीटर अंतरावर चेंडू ठरलेल्या जागेपासून दहा सेंटीमीटर बाजूला जायला हाताच्या दिशेत एका अंशाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी फरक पुरतो. शिवाय चेंडू हलका आहे. सात किलोंचा टेनपिनचा चेंडू पिनांच्या गर्दीतून रेटत पुढे जातो. पावणेतीन किलोंचा चेंडू मात्र पहिल्या पिनेला लागताच वळतो, आणि पुढचे काम एका पिनेने दुसरीला, दुसरीने तिसरीला पाडून करायचे असते. म्हणूनच उजव्या हाताचा खेळाडू सहसा पुढच्या पिनेवर सरळ नेम धरत नाही. तो पुढची पिन आणि तिच्या उजवीकडची पिन यांच्यामधल्या फटीत चेंडू शिरवू पाहतो, म्हणजे डावीकडच्या पिना पुढची पिन पाडते आणि उजवीकडचे व मधले काम चेंडूकडे राहते. नऊच्या नऊ पिना एका फेकीत पडणे हा या खेळातला मोठा आनंद आहे. टेनपिनच्या ‘स्ट्राइक’इतका तो वारंवार मिळत नाही.

नाइनपिनचे एकच एक रूप नाही, हेही इथे सांगायला हवे, कारण त्यावरून नवख्यांचा फार गोंधळ होतो. उत्तर जर्मनीत आणि डेन्मार्कच्या काही भागांत ‘बोले’ नावाचा प्रकार खेळतात, ज्यात लेन लांब, अतिशय अरुंद आणि मध्ये किंचित खोलगट असते. पश्चिम जर्मनी आणि लक्झेंबर्गच्या बाजूला ‘शेरे’ हा प्रकार रुजलेला आहे. शेरे म्हणजे कात्री, कारण ती लेन अर्ध्यापर्यंत अरुंद राहून पुढे कात्रीच्या पात्यांसारखी उघडत जाते. जर्मन स्थलांतरितांबरोबर हा खेळ ब्राझीलच्या दक्षिण भागातही पोहोचला. तिसरा प्रकार सपाट आणि रुंद लेनचा. या लेनवर पूर्वी डांबराचा थर असे, म्हणून त्याला दीर्घ काळ ‘अस्फाल्ट’ म्हणत. आता त्याचे अधिकृत नाव ‘क्लासिक’ आहे. ज्या जागतिक स्पर्धेबद्दल हा लेख आहे ती याच प्रकाराची.

अटलांटिकपलीकडेही हा खेळ गेला होता. तिथे तो जुगाराशी जोडला गेल्यामुळे १८४१ मध्ये कनेटिकट राज्याने नाइनपिनच्या लेनवर बंदी घातली. बंदी नऊ पिनांवर आहे ना, मग दहावी पिन उभी करू, अशी शक्कल लोकांनी लढवली आणि त्यातून टेनपिन जन्माला आले, ही गोष्ट फार सांगितली जाते. ती खरी मानण्यापेक्षा चांगली रचलेली मानावी. टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओच्या आसपास जर्मन वस्तीच्या जुन्या गावांत मात्र नऊ पिनांचा खेळ क्लबांनी आजतागायत टिकवला आहे, आणि तिथे राजा सोडून बाकी आठ पाडल्या तर नऊऐवजी बारा गुण मिळतात.

आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळाची बांधणी झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५२ मध्ये हॅम्बुर्ग येथे बोलिंगची जागतिक संघटना स्थापन झाली आणि १९५३ मध्ये बेलग्रेडला क्लासिक प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. युद्ध संपून जेमतेम आठ वर्षे झाली होती आणि युरोपचे दोन तट पडलेले होते, तरी पुढच्या दशकांत ही स्पर्धा पोलादी पडद्याच्या दोन्ही बाजूंना भरत राहिली. आज नाइनपिनचा कारभार जागतिक नाइनपिन बोलिंग संघटना पाहते. अलीकडच्या स्पर्धांची ठिकाणे पाहिली तर या खेळाचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो : २०१८ मध्ये रोमानियातील क्लुज-नापोका, २०१९ मध्ये चेक प्रजासत्ताकातील रोकिचानी, २०२१ मध्ये पोलंडमधील तार्नोवो पोडगोर्ने. यांत राजधानी एकही नाही, आणि काही नावे तर छोट्या गावांची आहेत. एखाद्या नगरपालिकेने चांगले सभागृह आणि पुरेशा लेन उभारल्या की जागतिक स्पर्धा तिथे येऊ शकते, आणि मला या खेळाची ही गोष्ट फार आवडते.

आता मूळ हिशेबाकडे येऊ. एका खेळाडूला एका सामन्यात १२० फेकी मिळतात. तो चार लेनवर आळीपाळीने खेळतो आणि प्रत्येक लेनवर ३० फेकी टाकतो. या ३० फेकींसाठी १२ मिनिटे असतात, म्हणजे एका फेकीला सरासरी २४ सेकंद. त्यात चेंडू उचलणे, पुसणे, श्वास घेणे आणि मागची फेक विसरणे हे सगळे बसवायचे असते.

३० फेकींचे दोन भाग असतात आणि सगळी मेख या दोन भागांत आहे. पहिल्या १५ फेकींत प्रत्येक वेळी नऊच्या नऊ पिना उभ्या असतात. तुम्ही चार पाडा वा आठ, पुढच्या फेकीला पुन्हा नऊ. पुढच्या १५ फेकींत मात्र पडलेली पिन पडलेलीच राहते. पहिल्या फेकीत सात पडल्या, तर पुढच्या फेकीला फक्त उरलेल्या दोन उभ्या असतात. त्या पाडल्याशिवाय नवीन नऊ मिळत नाहीत. या भागाला जर्मनमध्ये ‘आबरॉयमेन’ म्हणतात, म्हणजे आवराआवर, पसारा साफ करणे. आपण त्याला साफसफाई म्हणू.

पहिल्या भागात चांगला खेळाडू आणि उत्तम खेळाडू यांच्यात फार अंतर पडत नाही. एकाची सरासरी साडेसहा, दुसऱ्याची सात, म्हणजे १५ फेकींत सात-आठ पिनांचा फरक. साफसफाईत हाच फरक दुपटी-तिपटीने वाढू शकतो. समजा, एका खेळाडूच्या पहिल्या फेकीनंतर शेजारी-शेजारी उभ्या अशा दोन पिना उरल्या. पुढच्या एका फेकीत त्या जातात आणि दोन फेकींत नऊ पिना त्याच्या खात्यावर जमा होतात. दुसऱ्याच्याही पहिल्या फेकीत सातच पडल्या, पण उरलेल्या दोन अगदी डाव्या आणि अगदी उजव्या टोकाला आहेत. त्याला प्रत्येकीसाठी वेगळी फेक खर्चावी लागणार, आणि त्यातली एक जरी हुकली तरी नऊ पिनांसाठी चार फेकी गेल्या. दोघांनीही पहिल्या फेकीत सातच पाडल्या होत्या! म्हणून साफसफाईत किती पाडल्या याच्याइतकेच, काय मागे ठेवले याला महत्त्व असते. एकट्या उभ्या असलेल्या पिनेवर नेम धरताना मघाशी सांगितलेला अंशाचा तिसरा हिस्सा खऱ्या अर्थाने छळतो.

या पातळीवर १२० फेकींत ६०० पिना ही सन्मानाची संख्या आहे. सर्बियाचा विल्मोश झावार्को, ज्याने अनेक जागतिक विजेतेपदे मिळवली आहेत, त्याने ७०० चा टप्पा ओलांडलेला आहे. ७०० म्हणजे काय, तर प्रत्येक लेनवर १७५. पहिल्या १५ फेकींत सरासरी सात धरली तरी १०५ होतात, म्हणजे साफसफाईत ७० हव्यात, आणि त्यासाठी नऊ पिना सरासरी दोनपेक्षाही कमी फेकींत सतत साफ कराव्या लागतात. पाऊण तासाहून अधिक काळ, चार वेगवेगळ्या लेनवर.

पिना मोजून झाल्या; पण निकाल थेट पिनांवर ठरत नाही. प्रत्येक खेळाडूसमोर विरुद्ध संघाचा एक ठरलेला प्रतिस्पर्धी असतो आणि प्रत्येक लेनवरच्या ३० फेकी हा एक सेट धरला जातो. सेटमध्ये ज्याच्या पिना जास्त, त्याला एक सेट गुण. बरोबरी झाली तर दोघांना अर्धा-अर्धा. चार सेटनंतर ज्याचे सेट गुण जास्त, त्याच्या संघाला एक सामना गुण मिळतो. सेट गुण दोन-दोन झाले, तरच त्या दोघांच्या चारही लेनवरच्या पिनांची बेरीज पाहिली जाते.

समजा, पहिल्या खेळाडूने चार सेटमध्ये १५२, १४९, १५५ आणि १३६ पिना पाडल्या, तर दुसऱ्याने १५१, १४७, १५२ आणि १६८. पहिल्याची बेरीज ५९२, दुसऱ्याची ६१८. दुसरा २६ पिनांनी पुढे आहे. पण पहिले तीन सेट एक, दोन आणि तीन पिनांच्या फरकाने पहिल्याने जिंकलेले आहेत, त्यामुळे सेट गुण ३-१ आणि सामना गुण पहिल्याच्या संघाचा. टेनिस पाहणाऱ्याला हे लगेच पटेल. तिथेही एकूण गेम जास्त जिंकून सामना हरता येतो.

संघात सहा खेळाडू, म्हणून सामना गुण सहा. त्यावर आणखी दोन गुण असतात, आणि ते ज्या संघाच्या एकूण पिना जास्त त्याला दोन्ही एकदम मिळतात. असे आठ गुण पणाला लागलेले असतात. आता सुरुवातीचा सामना पुन्हा मांडून पाहा. पहिल्या संघाने पाच लढती जिंकल्या, पण थोडक्यात. त्या पाचांत मिळून तो ३७ पिनांनी पुढे होता. सहावी लढत तो ६५ पिनांनी हरला. एकूण पिनांत तो २८ ने मागे पडला आणि बेरजेचे दोन गुण गेले. सहावा सामना गुणही गेला. तरी ५-३ ने विजय त्याचाच. तोच संघ चारच लढती जिंकला असता, तर ४-४ अशी बरोबरी होऊन बाद फेरीत सेट गुणांची बेरीज काढावी लागली असती, आणि तिसऱ्या लढतीत कोणी तरी एका पिनेने गमावलेला सेट अचानक सोन्याचा झाला असता.

यामुळे प्रशिक्षकाचे काम बुद्धिबळासारखे होते. आपला सर्वांत भरवशाचा खेळाडू त्यांच्या सर्वांत भरवशाच्या खेळाडूसमोर उतरवायचा, की तिथली लढत सोडून देऊन दुसरीकडे गुण नक्की करायचा? लढत हातची गेलेली दिसत असताना खेळाडूने काय करायचे, याचेही उत्तर याच रचनेत आहे : पिना पाडत राहायच्या, कारण सामना गुण गेला तरी बेरजेचे दोन गुण अजून शिल्लक असतात. बदली खेळाडू उतरवायचा झाला, तर आधीच्याचे आकडे त्याच्या पदरात पडतात. पाटी कोरी होत नाही.

पूर्वी हे इतके गुंतागुंतीचे नव्हते. पुरुष २०० फेकी टाकत, स्त्रिया १००, आणि ज्याची बेरीज मोठी तो जिंकला. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत १२० फेकी आणि सेटची पद्धत आली, आणि पुरुष व स्त्रिया यांच्या फेकींची संख्याही एकसारखी झाली. जुनी मंडळी अजून म्हणतात की, २०० फेकींत माणसाची खरी ताकद कळत असे आणि आता एका पिनेच्या नशिबाला फार महत्त्व आले आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण २०० फेकींच्या सामन्यात शंभराव्या फेकीलाच निकाल कळून चुकत असे आणि उरलेला वेळ हिशेबनिसाचा होता. नव्या पद्धतीत प्रत्येक लेनवर खेळ पुन्हा शून्यावर येतो, आणि वाईट गेलेली एक लेन ही फक्त एक हरलेला सेट असते, मग ती एका पिनेने हरलेली असो वा चाळीस पिनांनी. माझे मत नव्या पद्धतीकडे झुकते, आणि दोन बेरजेचे गुण ठेवून जुन्याचा मान राखला आहे ही मला त्यातली शहाणी तडजोड वाटते.

संघांच्या स्पर्धेखेरीज वैयक्तिक प्रकारांनाही जागतिक पदके आहेत. एकेरीत आधी पात्रता फेरी होते आणि मग समोरासमोरच्या बाद फेऱ्या. मिश्र टँडेममध्ये एक पुरुष आणि एक स्त्री यांची जोडी आळीपाळीने फेक टाकते, म्हणजे साफसफाईत एकाने मागे ठेवलेला पसारा दुसऱ्याला आवरावा लागतो. घरोघरी परिचित असा हा अनुभव आहे. सर्वांत झटपट प्रकार स्प्रिंट. त्यात फक्त दोन सेट, प्रत्येकी २० फेकींचे, दहा फेकी नऊच्या नऊ पिनांवर आणि दहा साफसफाईच्या. सेट १-१ झाले की पिनांची बेरीज कोणी पाहत नाही. प्रत्येकाला नऊच्या नऊ पिनांवर तीन फेकी मिळतात आणि ज्याच्या तीन फेकींची बेरीज जास्त तो पुढे जातो. बरोबरी झाली, तर निकाल लागेपर्यंत आणखी फेकी. सभागृहात तेव्हा ढोल, घंटा आणि झेंडे घेऊन आलेले सगळे देश एकाच लेनकडे पाहत असतात, आणि खेळाडूला मात्र चेंडू आवाज न करता त्या अरुंद फळीवर ठेवायचा असतो.